अजमास

मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या इमारतीचे काम १८७१ च्या एप्रिलात सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरात पुरे झाले, आणि साडेसात वर्षांच्या त्या प्रचंड उद्योगाचा हिशेब जेव्हा मिटविण्यात आला तेव्हा असे दिसून आले की, मंजूर झालेल्या १६,४७,१९६ रुपयांच्या अंदाजापैकी १६,४४,५२८ रुपये खर्ची पडले असून २,६६८ रुपये शिलकीत राहिले आहेत. ओव्हल मैदानावरून त्या इमारतीकडे पाहणाऱ्याची दृष्टी तिच्या उत्तुंग छपरांवर आणि टोकदार कमानींवर खिळून राहते. तिचा आराखडा रचणारे कर्नल जे. ए. फुलर यांचे नावही जिज्ञासूंना ठाऊक असते. परंतु ज्यांनी त्या इमारतीतील चिरान् चिरा आणि तुळईन् तुळई कागदावर मोजली, प्रत्येकीला दर लावला, आणि सोळा लाखांवरच्या रकमेत पावणेतीन हजारांहूनही कमी अंतर पडावे इतक्या चोखपणे आपले आकडे मांडले, त्या माणसांची नावे कोणी उच्चारीत नाही. स्थापत्याच्या इतिहासात शिल्पी भेटतो, आश्रयदाता भेटतो, क्वचित् एखादा गवंडीही भेटतो. अंदाज करणारा मात्र भेटत नाही. त्याची विद्या कोठून आली, आणि ती पत्करून संसार उभा करू पाहणाऱ्या तरुणाला आपल्या प्रांतात ती कशी शिकावी लागत असे, हे येथे सांगावयाचे आहे.

या कामाला मराठीत नावांची उणीव कधीच नव्हती. जुन्या कागदपत्रांत अजमास हा शब्द वारंवार भेटतो. तो फारसी वळणाचा असून आजमावणे या क्रियापदाच्या घराण्यातला दिसतो, आणि म्हणूनच नुसत्या तर्कापेक्षा पारखून केलेला तर्क असा त्याचा ध्वनी आहे. येत्या सालच्या जमाखर्चाच्या अंदाजाला बेहडा म्हणत. साल सरल्यावर जो पक्का हिशेब निघे तो ताळेबंद. बेहडा आणि ताळेबंद यांच्यामध्ये किती अंतर पडते यावर कारभाऱ्याची पारख होई. इंग्रजी अमलात एस्टिमेट आले, गवंड्या-मिस्त्रींच्या तोंडी त्याचे इस्टिमेट झाले, आणि सरकारी लेखनात अंदाजपत्रक हा शब्द स्थिरावला. मला स्वतःला अजमास हाच शब्द अधिक प्रिय आहे. कारण जी गोष्ट अद्याप अस्तित्वात आलेली नाही तिला आजमावून पाहणे, हेच या विद्येचे खरे स्वरूप आहे.

तिचा आपल्याकडील सर्वांत सुंदर पाठ बाराव्या शतकातील आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, जी ११५० च्या सुमारास सिद्ध झाली, खातव्यवहार, चितिव्यवहार आणि क्रकचव्यवहार अशी तीन लहान प्रकरणे लागोपाठ येतात. पहिल्यात खणतीचे गणित आहे, दुसऱ्यात विटांच्या रचाईचे आणि तिसऱ्यात करवतीने लाकूड कापण्याचे. आजच्या अंदाजपत्रकात मातीकाम, वीटकाम आणि लाकूडकाम या बाबी येतात, त्यांचाच हा पूर्वज होय. अठरा अंगुळे लांब, बारा अंगुळे रुंद आणि तीन अंगुळे उंच अशा विटांनी आठ हात लांब, पाच हात रुंद व तीन हात उंच अशी रास रचावयाची झाल्यास विटा किती लागतील आणि थर किती होतील, असा प्रश्न आचार्य टाकतात. विटा २,५६० आणि थर २४, हे त्याचे उत्तर. ज्या खड्ड्याच्या बाजू वाकड्यातिकड्या आहेत, त्याची लांबी, रुंदी आणि खोली निरनिराळ्या ठिकाणी मोजून त्यांची सरासरी घ्यावी असे ते सांगतात, आणि दहा, अकरा व बारा हात लांबीच्या, पाच, सहा व सात हात रुंदीच्या, दोन, तीन व चार हात खोलीच्या अशा एका खड्ड्याचे घनफळ १९८ घनहात काढून दाखवितात. तोंडाशी रुंद आणि तळाशी निमुळत्या होत गेलेल्या विहिरीसाठी तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोहोंच्या बाजूंच्या बेरजांपासून निघणारे क्षेत्रफळ ही तिन्ही एकत्र करून सहाने भागावी व खोलीने गुणावे, हा जो नियम त्यांनी दिला आहे, तोच इंग्रजी पुस्तकांतून प्रिझमॉइडल सूत्र म्हणून आमच्या ओव्हरसियरांच्या पिढ्यांनी बंधाऱ्यांच्या मातीकामासाठी पाठ केला. तो चाळीसगावानजीकच्या पाटणे गावाशी ज्याच्या कुळाचे नाते जडलेले आहे अशा आचार्याने सातशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवला होता, हे त्यांतील फार थोड्यांना कोणी सांगितले असेल. त्याच पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि त्याविषयीचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

परंतु या तीन प्रकरणांतील ज्या एका श्लोकाने मी दर वेळी थांबतो, त्यात सूत्र नाही. विटांची रचाई, दगडांची रचाई, खणती आणि कापणी या चारही कामांचे मोल कशावर ठरते हे आचार्य तेथे सांगतात: एक, काम करणाऱ्यांच्या संमतीवर, आणि दोन, जो पदार्थ खणावयाचा वा कापावयाचा त्याच्या मऊपणावर किंवा कठीणपणावर. गणित येथे संपते. घनफळ किती हे बुद्धी सांगते, त्याचे मोल किती हे मात्र माती आणि माणूस यांना विचारल्याशिवाय सांगता येत नाही, अशी स्पष्ट सीमारेषा ज्या गणितज्ञाने आपल्या शास्त्राला आखून दिली, त्याच्याविषयी मला अपार आदर वाटतो. या व्यवसायातील सर्व यश आणि सर्व अपयश, माझ्या मते, त्या श्लोकात साठविलेले आहे. आणि पुढील आठशे वर्षांचा इतिहास हा बव्हंशी त्याचीच टीका आहे.

मराठेशाहीतील बांधकामांचे कागद फार विपुल नाहीत. जे आहेत ते मात्र बोलके आहेत. १६७१-७२ च्या सुमारास शिवछत्रपतींनी गडकोटांच्या इमारतींसाठी जी तरतूद केली तिची एक याद उपलब्ध आहे: एकूण १,७५,००० होन, त्यांपैकी एकट्या रायगडासाठी ५०,०००, आणि उरलेली रक्कम इतर गडांना त्यांच्या त्यांच्या मानाने वाटून दिलेली. स्वराज्याच्या खजिन्यावर चोहोंकडून ताण असताना, कोणत्या गडाला किती द्यावयाचे हे आधी ठरवून लिहून ठेवणारी ही बुद्धी अंदाजपत्रकाचीच बुद्धी होय. पुढे पेशव्यांनी शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली, आणि त्या मूळ वाड्याला १६,११० रुपये लागल्याची नोंद राहिली. हा ताळेबंद, म्हणजे काम झाल्यानंतरचा हिशेब.

सामान्य गृहस्थाच्या घराला यादही नव्हती आणि बेहडाही नव्हता; तेथे खण हेच माप होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घर किती खणांचे, किती मजल्यांचे आणि जोते किती उंचीचे, एवढे कळले की अनुभवी सुतार तुळया, कड्या, पाट यांची संख्या ओसरीवर बसल्या बसल्या तोंडी सांगे. लाकडाला गज आणि तसू, चुन्याला घाणी, दगडाला गाडी, अशी प्रत्येक जिनसेची आपापली मोजणी होती. मजुरी एक तर रोजावर, नाही तर उक्ती. आणि उक्ते काम घेताना पाथरवट आधी खाणीवर जाऊन पहारीने दगड ठोकून पाही, तेव्हाच आकडा बोले. तो आकडा बोलण्यापूर्वीची ती पहारीची ठोक म्हणजे भास्कराचार्यांच्या श्लोकाचा अर्धा भाग. दुसऱ्या अर्ध्याचे, म्हणजे संमतीचे, उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सापडते. आरमाराला लाकूड हवे. आंबा आणि फणस यांचे लाकूड त्या कामाला उपयोगी. तथापि रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, आणि एखादे अगदीच जीर्ण झालेले झाड घ्यावयाचे तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे, असा त्यातील आदेश आहे. झाडाच्या किमतीत ते लावणाऱ्याची वर्षे धरावी लागतात, हे ज्या राज्यकर्त्यांना कळले होते त्यांचा अजमास निव्वळ आकड्यांचा नव्हता.

इंग्रजी अमलाबरोबर ही विद्या तोंडातून कागदावर आणि सुताराच्या ओसरीवरून कचेरीत आली. तिच्या शिक्षणाचा पहिला प्रयत्न मराठीत झाला, ही गोष्ट आज विस्मृतीत गेली आहे. १८२३ च्या सुमारास कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत जी संस्था उघडली तिला आपले लोक गणितशिल्पविद्यालय म्हणत. एतद्देशीय तरुणांना मोजणी आणि इमारतकाम यांसाठी तयार करावयाचे, आणि तेही त्यांच्या मातृभाषेत, असा तिचा संकल्प होता, व त्यासाठी जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत तयार करविली. दहा वर्षांच्या आतच ती संस्था बंद झाली. ती टिकती, तर अंदाजपत्रकाची भाषा कदाचित् प्रथमपासूनच मराठी राहती, आणि खड्डा खणणाऱ्याला आपल्या खड्ड्याचा हिशेब स्वतः वाचता येता. या विचाराने मनाला हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

लॉर्ड डलहौसी यांच्या कारकिर्दीत जुनी लष्करी मंडळे मोडून सार्वजनिक बांधकामाचे स्वतंत्र खाते निर्माण झाले, आणि त्या खात्याला दुय्यम दर्जाची माणसे पुरविण्यासाठी १८५४ च्या जुलैत पुण्यास इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल उघडण्यात आले. १८६६ साली त्याचा मुंबई विद्यापीठाशी संबंध जोडला गेला. पुढे तेच सायन्स कॉलेज आणि १९११ पासून इंजिनिअरिंग कॉलेज झाले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथूनच उत्तीर्ण होऊन १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले आणि नाशिकास रुजू झाले. तथापि अशी कीर्ती लाभलेला एक. त्याच्यामागे ओव्हरसियर, सब-ओव्हरसियर आणि मिस्त्री म्हणून तालुक्यांच्या गावी आयुष्य वेचलेले शेकडो. खात्याचा खरा अजमास त्यांच्या हातून उतरत असे.

अशा नवशिक्याच्या आयुष्याचा आरंभ बहुधा साखळीचे किंवा टेपेचे दुसरे टोक धरण्याने होई. वरिष्ठ मोजमाप घेई, आकडा मोठ्याने बोले, आणि याने तो मोजणी वहीत उतरून घ्यावयाचा. त्या वहीचे पावित्र्य त्याला प्रथम शिकविले जाई: पानांना छापील क्रमांक, एकही पान फाडावयाचे नाही, आकडा खोडून गिरवावयाचा नाही, चुकल्यास एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहावा आणि त्यावर सही करावी. मग नकाशा वाचणे आले. भिंतींच्या मध्यरेषांची एकूण लांबी काढून कोपऱ्यांचे दुबार मोजले जाणारे भाग वगळणे, किंवा लांब भिंती आणि आखूड भिंती वेगळ्या धरून पायाच्या प्रत्येक पायरीला त्यांची लांबी बदलत नेणे, या दोन्ही रीती त्याला अवगत कराव्या लागत. दारे, खिडक्या, कमानी यांची वजावट करावी लागे. संख्या, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण अशी पाच घरे आखलेल्या तक्त्यात इमारत पायापासून कौलांपर्यंत उतरली, म्हणजे तिचा गोषवारा करावयाचा, प्रत्येक बाबीपुढे दर लिहावयाचा, रक्कम काढावयाची आणि शेवटी अनपेक्षित खर्चासाठी शेकडा काही रक्कम वाढवून बेरीज मारावयाची. माती, मुरूम, खडी, डबर ही सारी ब्रासाने मोजली जात. ब्रास म्हणजे १०० घनफूट. हे माप मुंबई इलाख्याच्या बांधकामात इतके मुरले आहे की मेट्रिक पद्धत येऊन अनेक दशके लोटली तरी रेतीची गाडी आजही ब्रासानेच विकली जाते, आणि त्याचे २.८३ घनमीटर होतात हे नवा अभियंता पाठ करीत असतो.

मोजमाप असे सहा महिन्यांत हाताखाली येते. दर यावयाला वर्षे लागतात. खात्याने जिल्हानिहाय दरसूची तयार केल्या, त्यांत प्रत्येक कामाचा दर छापला; आणि दर कसा बसला हे दाखविणारे पृथक्करण केले: गवंडी किती, बिगारी किती, भिस्ती किती, चुना किती, वाळू किती, खाणीपासून कामापर्यंतची वाहतूक किती मैलांची. खणतीचे तर स्वतंत्र वर्ग पडले. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक आणि सुरुंगाशिवाय न फुटणारा कठीण खडक, असे वर्ग करून प्रत्येकाला निरनिराळा दर दिला गेला. भास्कराचार्यांचा मृदुत्व-कठिनत्वाचा नियम येथे सरकारी तक्त्यात येऊन बसला. संमतीचा नियम मात्र निविदेत गेला, आणि तेथे संमती द्यावयाची ती मक्तेदाराने. मजुराला कोणी विचारीत नव्हते.

मक्तेदार आणि खाते यांमधील या व्यवहाराचे आतून दर्शन घेतलेला एक महापुरुष आपल्या इतिहासात आहे, आणि त्याच्या चरित्राची ही बाजू पुरेशी सांगितली जात नाही. जोतीराव फुले हे मक्तेदार होते. पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांची भागी होती. खडकवासल्याच्या धरणाला दगड पुरविण्याचे काम त्यांनी घेतले होते. खाणीवरचा मजूर, गाडीवान, मोजणी लिहून घेणारा कारकून आणि बिल मंजूर करणारा साहेब हे सारे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या लबाड्यांवर त्यांनी पवाडाही रचला. मोजणी वहीत लिहिलेला आकडा आणि जमिनीतला खड्डा यांमध्ये अंतर पडते तेव्हा ते अंतर कोणाच्या पोटातून भरून निघते, हा प्रश्न त्यांनी विचारला. मुंबईच्या इमारतींवर राबणाऱ्या तेलुगूभाषक कामाठ्यांमधून, ज्यांचे नाव कामाठीपुऱ्याला आजही चिकटलेले आहे, पुढे आलेले मक्तेदार सत्यशोधक समाजाचे आधारस्तंभ झाले, हा योगायोग मानावयाला मी तयार नाही. कष्टाचे मोल कसे ठरविले जाते हे ज्यांनी जवळून पाहिले होते, त्यांनाच ते नव्याने ठरविण्याची निकड वाटली.

आणि त्या निकडीचा प्रसंग लवकरच आला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दख्खनचे शेतकरी तलाव, रस्ते आणि लोहमार्गांच्या भरावावर मातीकाम करावयाला आले. सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने प्रौढ पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि थोडीशी रोख रक्कम इतकी खाली आणण्यात आली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. ज्याच्या हाती टेप आणि वही होती त्या तरुण ओव्हरसियरला, मला वाटते, आपल्या विद्येचे खरे वजन तेथे कळले असेल. खड्डा कठीण मुरुमाचा लिहावा की मऊ, या एका शब्दावर एका कुटुंबाची भाकर अवलंबून होती. वर्गीकरणाचा तो रकाना भरताना वाकून माती हातात घेणारा ओव्हरसियर आणि घोड्यावर बसूनच आकडा सांगणारा ओव्हरसियर यांची विद्या एकच होती. त्यांच्या कामाचे फळ एक नव्हते.

हाच प्रसंग पुन्हा शंभर वर्षांनी उद्भवला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खणणाऱ्या लाखो स्त्रीपुरुषांनी महाराष्ट्राचे माळ भरून गेले, वि. स. पागे यांच्या चिंतनातून निघालेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याने अधिष्ठान मिळाले, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. या कामांत मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर ठरते, म्हणून खड्ड्याच्या मध्ये मूळ जमिनीचा एक उंचवटा न खणता ठेवतात. मोजणीच्या दिवसापर्यंत तो उभा असतो, आणि किती खणले याची तीच साक्ष. दरसूची अशी असावी की साधारण शक्तीच्या माणसाला दिवसभराच्या कष्टाने किमान वेतन पडावे, हे तत्त्व येथे प्रथमच दराच्या मुळाशी गेले. संमतीच्या नियमाला कायद्यात जागा मिळावयाला आठशे वर्षे लागली.

चुकलेल्या अजमासाचीही एक कथा सांगितलीच पाहिजे. कारण या धंद्यात शिरणाऱ्याने ती उच्च न्यायालयाच्या कथेइतकीच लक्षात ठेवावयास हवी. १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी मुंबईच्या विकासाचे स्वतंत्र खाते काढून बॅक बेमधील समुद्र हटविण्याचे काम हाती घेतले. १,१४५ एकर जमीन निर्माण करावयाची होती, आणि सर जॉर्ज ब्यूकॅनन यांनी तिचे अंदाज बांधले होते. समुद्रतळाचा गाळ ड्रेजरने तासाला किती उपसला जाईल याविषयी जे गृहीत धरले होते ते प्रत्यक्षात उतरले नाही. बांधलेल्या भिंतीतून भरणी निसटू लागली. काम लांबले आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला. खुर्शेद नरिमन यांनी या कारभारावर झोड उठविली, खात्यातील हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, आणि १९२८ साली नरिमन निर्दोष सुटले. १९२६ च्या चौकशीनंतर योजना आवरती घेण्यात आली. ठरलेल्या जमिनीपैकी निम्मीही त्या वेळी निघाली नाही. नकाशे उत्तम होते, गुणाकार बरोबर होते, ब्यूकॅनन हे नामांकित अभियंते होते. चिखल किती मऊ आणि किती चिवट, हे मात्र पुरते आजमावलेले नव्हते. पहार ठोकून मग आकडा बोलणाऱ्या पाथरवटाची जी सावधगिरी, ती कोट्यवधींच्या योजनेत कोठेतरी गळून पडली.

स्वातंत्र्यानंतरचे बदल थोडक्यात सांगता येतील. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली, आण्यांची जागा नव्या पैशांनी घेतली. मोजमाप कसे घ्यावे याविषयी भारतीय मानक १२०० प्रसिद्ध झाले, आणि वजावटीवरून होणारे पुष्कळसे तंटे त्याने मिटविले. दत्ता यांचे अंदाजपत्रकावरील पाठ्यपुस्तक पदविकेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पिशवीत दिसू लागले. वीट आता मसाल्यासह वीस, दहा आणि दहा सेंटिमीटरची धरतात, घनमीटरला बरोबर ५०० बसतात. लीलावतीच्या विटेपेक्षा हा हिशेब सोपा आहे. जिल्हा दरसूचीच्या जागी राज्य दरसूची आली, आणि नकाशावरून परिमाणे संगणक क्षणार्धात काढून देतो. मोजणीचे कष्ट अशा रीतीने जवळजवळ संपले आहेत, आणि त्याबद्दल कोणी खेद मानू नये. टेपेचे टोक धरून उन्हात उभे राहण्यात स्वतःहून काही पुण्य नव्हते.

पण त्या उन्हात एक गोष्ट आपोआप होत असे. नवशिका खड्ड्याच्या काठावर उभा राही, वडाराची कुदळ कोणत्या थराला ठणकते ते ऐके, चुन्याच्या घाणीवर बैल किती फेऱ्या घालतो ते पाही, गवंड्याला दोन बिगारी पुरतात की तीन हे त्याच्या डोळ्यांपुढे ठरे. कचेरीत बसून दर शिकणाऱ्या आजच्या तरुणाला हे शिक्षण कोणी देत नाही, आणि दरसूचीचा दर हा निसर्गाचा नियम आहे असे त्याला वाटू लागण्याचा धोका आहे. म्हणून या व्यवसायात पाऊल टाकणाऱ्याने पहिल्या वर्षातील निदान काही महिने कामावर काढावेत, आणि तेथे दर माणसांना विचारावेत, असे मी आग्रहाने म्हणतो.

आणि आणखी एक विनंती आहे, ती बांधकाम खात्याच्या विभागीय आणि उपविभागीय कचेऱ्यांतील सर्वांना. जुन्या मोजणी वह्या, हातांनी लिहिलेली अंदाजपत्रके, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दरसूच्या मुदत संपलेले कागद म्हणून रद्दीत जातात. कोणत्या साली कोणत्या तालुक्यात गवंड्याला किती रोज पडे, बाईला पुरुषापेक्षा किती कमी मिळे, कोणत्या खाणीचा दगड कोणत्या पुलाला गेला, हे त्या कागदांशिवाय दुसरीकडे फारसे कोठेही लिहिलेले नाही. मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचे पुराभिलेखागार आहे, आणि बांधकाम खात्याची जुनी दप्तरे तेथे जतन केलेली आहेत. कपाट रिकामे करण्याचा हुकूम येईल तेव्हा त्यातील एक गठ्ठा उघडून पाहावा, आणि तो रद्दीवाल्याच्या तराजूवर चढण्यापूर्वी तेथे एक पत्र धाडावे.